परिचारिकेचा थकवा

परभणीहून जिंतुरास जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हें गांव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता; १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला व १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. अशा गांवांच्या आरोग्याचा इतिहास कोणी लिहूं लागला म्हणजे दवाखाना केव्हां निघाला, डॉक्टर कोण आले, देवीचा रोग केव्हां हटला, एवढें तो लिहितो. परंतु जी नर्सबाई घरोघर जाऊन मुलांस लस टोंचीत आली, जिनें रात्रीं-अपरात्रीं कंदिलाच्या उजेडांत बाळंतपणें केलीं, तिच्या अंगीं पंधरा वर्षांनंतर किती बळ उरलें होतें, हें कोणत्याच दप्तरांत नोंदलेलें नसतें. त्या न नोंदलेल्या गोष्टीचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थकवा दोन प्रकारचा असतो. दिवसभर शेतांत राबलेला माणूस रात्रीं निजतो व सकाळीं ताजा होऊन उठतो. हा थकवा निरोगी होय. दुसरा थकवा निजेनें जात नाहीं. समईंतील तेल संपलें म्हणजे वात स्वतःच जळूं लागते. उजेड कांहीं वेळ दिसत राहतो, म्हणून पाहणारास शंका येत नाहीं. या दुसऱ्या थकव्यास इंग्रजींत ‘बर्नआउट’ म्हणतात. न्यूयॉर्क येथील एका मोफत दवाखान्यांत काम करणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं हा शब्द या अर्थानें शास्त्रीय चर्चेंत आणिला. पुढें १९८१ सालीं ख्रिस्तिना मास्लाख व सुसान जॅक्सन या दोन विदुषींनीं त्याचें मोजमाप करण्याची रीति प्रसिद्ध केली आणि त्याचीं तीन अंगें ठरविलीं. पहिलें, मनाचा संपूर्ण शीण. दुसरें, समोरच्या माणसाविषयीं येणारा कोरडेपणा. तिसरें, आपल्या हातून कांहींच घडत नाहीं अशी खात्री.

यांपैकीं दुसरें अंग सर्वांत अनर्थकारक, व ओळखण्यास सर्वांत सोपें. इझाबेल मेंझीस या बाईंनीं लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयांतील परिचारिकांचा अभ्यास करून १९६० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. तेथें एका परिचारिकेकडे एक रोगी न देतां अनेक रोग्यांचें एकेक काम देत. आणि रोग्याचा उल्लेख त्याच्या नांवानें न होतां खाटेच्या क्रमांकानें किंवा त्याच्या बिघडलेल्या अवयवानें होई. हा केवळ निष्ठुरपणा नव्हता. रोज दुसऱ्याचें दुःख व मरण पाहावयाचें, आणि त्याचें काय करावें हें कोणी सांगावयाचें नाहीं, अशा स्थितींत मनानें आपल्याभोंवतीं घातलेलें तें कुंपण होतें. आपल्याकडे ‘सात नंबरचें सलाईन’ असें बोललें जातें तेव्हां बोलणारीस दोष देण्यापूर्वीं, तिच्याकडे असे किती नंबर आहेत, हें विचारणें न्यायाचें होईल.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत या अवस्थेस स्थान दिलें. परंतु तिला रोग म्हटलें नाहीं. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम, अशी तिची व्याख्या केली. हा भेद वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. रोग म्हटला कीं तो त्या बाईचा होतो. कामाचा परिणाम म्हटला कीं ज्यानें काम लाविलें त्याजकडेहि बोट जातें.

मग इतकी उघड गोष्ट आपल्या समाजास इतका काळ कां दिसली नाहीं? आमच्या मतें तिचें कारण आपल्या स्तुतींत आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्यासह पुण्याबाहेर रोग्यांची शुश्रूषा चालविली. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत आल्या, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. या स्मृतीपुढें कोणाचेंहि मस्तक नम्र होईल. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास सेवासदन निघालें, व त्या संस्थेनें विधवा आणि गरीब स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें. ज्या काळीं परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणारी स्त्री कुलीन समजली जात नसे, त्या काळीं ‘सेवा’ हा शब्द या कामाची ढाल होता. त्यानें स्त्रियांस घराबाहेर पडण्याची वाट दिली.

परंतु ढाल म्हणून हातीं घेतलेला शब्द पुढें ओझें झाला. सेवा म्हटल्यावर तिचे तास कोण मोजणार? जी बारा तास उभी राहून वर हंसते ती खरी परिचारिका, आणि जी पाय दुखतात म्हणते ती कामचुकार, असा समज रूढ झाला. संकटकाळीं एखाद्या थोर स्त्रीनें आपण होऊन प्राण वेंचणें ही एक गोष्ट, आणि एखाद्या कचेरीनें तसला त्याग दर महिन्याच्या हजेरीपटांत गृहीत धरणें ही अगदींच निराळी गोष्ट होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचेंच पाहा. हातांत दिवा घेतलेलें त्यांचें चित्र सर्वांस ठाऊक आहे. पण क्रिमियाहून परतल्यावर १८५७ सालीं त्या अंथरुणास खिळल्या व पुढें कित्येक वर्षें बहुतेक खोलींतच राहिल्या, हें चित्र कोणी भिंतीवर लावीत नाहीं. त्यांचें दुखणें ब्रुसेलोसिस या रोगाचें असावें असें अलीकडच्या कित्येक तज्ज्ञांचें अनुमान आहे; तेव्हां तें निव्वळ श्रमानें आलें असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्या अंथरुणावरूनच त्यांनीं जें मोठें काम केलें तें भावनेचें नसून आंकड्यांचें होतें, हें विसरूं नये. सैनिक कशानें मरतात हें त्यांनीं मोजून दाखविलें, आणि मगच सरकार हललें.

तेव्हां आपणहि आंकड्यांकडे वळूं. भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ४३,००० लोकांमागें एक परिचारिका होती. बोरीचा मुलूख संस्थानी असल्यामुळें या हिशेबांतहि नव्हता. पुढें संख्या पुष्कळ वाढली. परंतु कामहि वाढलें. संख्येचा आणि थकव्याचा संबंध किती निकटचा आहे, हें लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानाच्या १६८ रुग्णालयांवरून दाखविलें. परिचारिकेकडे एक रोगी अधिक दिला कीं तिच्या बर्नआउटचा संभव २३ टक्क्यांनीं वाढतो. आणि शस्त्रक्रिया झालेला रोगी तीस दिवसांच्या आंत दगावण्याचा संभवहि ७ टक्क्यांनीं वाढतो. म्हणजे परिचारिकेची विश्रांति ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती रोग्याच्या औषधाचाच एक भाग आहे. कॅलिफोर्नियानें २००४ पासून दर परिचारिकेमागें रोगी किती असावेत हें कायद्यानेंच बांधून दिलें. आपल्या केंद्रसरकारच्या मापांतहि सामान्य वॉर्डांत सहा रोग्यांमागें एक व अतिदक्षता विभागांत एकास एक असें प्रमाण आहे. माप आहे, परंतु रात्रपाळींत सबंध वॉर्ड एकाच परिचारिकेवर सोंपविलेला आढळतो तेव्हां तें माप कपाटांत असतें.

संख्येइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे कामाची घडण. तिचें उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयांत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग पाळी संपल्यावर तळघरांत कपडे बदलण्यास गेली असतां त्याच रुग्णालयाच्या एका सफाई कामगारानें तिच्यावर अत्याचार केला. गळा आवळला गेल्यामुळें तिच्या मेंदूस कायमची इजा झाली. परिचारिकेस कपडे बदलण्यापुरती सुरक्षित जागा नसावी, याचा संताप होऊन मुंबईच्या परिचारिकांनीं संप केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सुमारें साडेएकेचाळीस वर्षें, अरुणाची शुश्रूषा त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनीं केली. इतक्या वर्षांत तिच्या अंगास शय्याव्रण झालें नाहीं, याची दखल सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणांतहि घेतली गेली. आणि ७ मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें रुग्णालयाच्या सेवकवर्गासच तिचें खरें आप्त मानलें.

या कथेकडे लोक त्यागाची कथा म्हणून पाहतात. आम्हांस तींत याहून उपयुक्त असें कांहीं दिसतें. केईएमसारख्या गर्दीच्या रुग्णालयांत थकवा नव्हता असें कोण म्हणेल? तरीहि या एका खाटेपाशीं कोरडेपणा आला नाहीं, त्याला कारणें आहेत. एक तर हा भार एकीवर नव्हता. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. अरुणाच्या अपघाताच्या वेळीं ज्यांचा जन्महि झाला नव्हता अशांनीं तो पुढें उचलला. दुसरें, ती खाटेचा क्रमांक नव्हती. ती त्यांची अरुणा होती. तिसरें, या बाबतींत परिचारिकांच्या शब्दास वजन होतें. १९८० नंतरच्या दशकांत महापालिकेनें तिला अन्यत्र हलविण्याचा घाट घातला, तेव्हां परिचारिकांनीं विरोध केला व तो बेत सोडावा लागला. मास्लाखबाईंनीं सांगितलेल्या तीन अंगांवर हे तीन उतारे आहेत: शीण वांटून घेतला कीं हलका होतो, नांवानें ओळखलें कीं कोरडेपणा टळतो, आणि आपल्या बोलण्यानें कांहीं घडतें असें दिसलें कीं निरर्थकता जाते.

आतां बोरीच्या बाजूचें उपकेंद्र पाहा. सपाट प्रदेशांत ५,००० व डोंगराळ भागांत ३,००० वस्तीस एक उपकेंद्र, असें सरकारी माप आहे. तेथील नर्सबाईजवळ वांटून घेण्यास दुसरी पाळीच नसते. गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, साथीची खबर आणि या सर्वांच्या नोंदवह्या तिच्याच अंगावर. कुटुंबनियोजनाचीं ठराविक उद्दिष्टें १९९६ सालीं रद्द होईपर्यंत तिची लायकी शस्त्रक्रियेस किती बायका आणल्या यावर ठरे. तिनें चांगलीं केलेलीं बाळंतपणें कोणी विचारीत नसे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानें कित्येक ठिकाणीं दुसरी नर्स व गांवोगांव आशा दिली, हें खरें. पण ती दुसरी नर्स बहुधा कंत्राटावर. जिला पुढील वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, ती दुसरीचा भार किती मनानें उचलणार? २०२० च्या महामारींत यांच्यावर फुलें उधळलीं गेलीं, थाळ्या वाजल्या. महामारी ओसरली आणि नोंदवह्या तेवढ्या वाढलेल्या राहिल्या.

तेव्हां उपाय काय? मनःशांतीवर व्याख्यान हा उपाय नव्हे. तें ऐकण्यास जाणें हेंहि तिला एक काम होतें. आठवड्याची सुटी खरोखरीच मिळावी, व त्या दिवशीं तिच्या जागीं येणारी बाई आधींच ठरलेली असावी. एकच माहिती चार वह्यांत लिहिण्याची सक्ति काढावी. राहण्याची जागा कडी-कुलुपाची असावी, आणि रात्रीं निघावें लागल्यास वाहन व सोबत मिळावी. महिन्याच्या बैठकींत आंकडा कां कमी झाला हें विचारण्यापूर्वीं, या महिन्यांत तुमच्या हातीं एखादें बाळ किंवा बाळंतीण दगावली काय, हें वडिलकीनें विचारणारें कोणी असावें. जी सकाळीं उठतांनाच दमलेली असते, नेहमींच्या कामांत चुकूं लागते, वारंवार आजारी पडते, पूर्वीं बोलकी असून आतां गप्प झाली आहे, तिची बदली किंवा चौकशी न करतां तिचा भार आधीं मोजावा.

कांहीं भाग आपणां सर्वांकडेहि येतो. रुग्णालयांत मारहाण करणारांस शिक्षा देणारा कायदा महाराष्ट्रांत २०१० सालीं झाला. असा कायदा करावा लागला हीच आपली शोभा आहे. डॉक्टर फेरी संपवून गेल्यावर आपला सारा राग ज्या बाईवर निघतो, ती त्या वेळीं कदाचित् दहाव्या तासाला उभी असते. तिला देवी म्हणण्याची गरज नाहीं. तिनें एकदां बसून घोटभर चहा घेतला, तर घड्याळाकडे पाहूं नये, एवढें आपण करूं शकतों. आणि आपल्या गांवच्या उपकेंद्रांत दुसरी जागा रिकामी कां आहे, हें ग्रामसभेंत विचारूं शकतों. बोरीच्या नर्सबाईच्या थकव्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत नसली, तरी तो कमी करण्याचा अधिकार या दप्तरांकडेच आहे. आणि दप्तरें विचारल्यावांचून बोलत नाहींत.