धनराज मैदान सोडत नाही

बँकॉक, डिसेंबर १९९८. पुण्यात या दिवसांत स्वेटर बाहेर निघालेले असतात; इथे तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या हॉकीचा अंतिम सामना आहे, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया, आणि १-१ अशी कोंडी काही फुटलेली नाही. आता टायब्रेकर. गोलपासून सात यार्डांवर चेंडू, समोर फक्त गोलरक्षक, आणि शिट्टी वाजली की एकच फटका. इतक्या जवळून आलेला चेंडू बघून अडवता येत नाही. मारणाऱ्याचे खांदे वाचायचे आणि अंदाजानं अंग झोकून द्यायचं, एवढंच गोलरक्षकाच्या हातात असतं.

सगळ्यांची नजर आशिष बल्लाळच्या पॅडवर खिळलीय. तुम्ही मात्र जरा मागे, उरलेल्या खेळाडूंकडे बघा. त्यांच्यात मानेवर रुळणाऱ्या लांब केसांचा, सडपातळ, तिशीचा एक माणूस दिसेल. धनराज पिल्ले. भारताचा कर्णधार. खेळ चालू असता तर आत्ता तो धावत असता, चेंडू मागत असता, चुकलेल्याला खडसावत असता. टायब्रेकरमध्ये त्यातलं काहीच करता येत नाही. ज्याचा सगळा जीव पायांत आहे अशा माणसाला उभं राहायला सांगणं किती मोठी शिक्षा असते, ते त्याच्याकडे बघून कळतं.

बल्लाळ झेपावतो आणि चेंडू अडतो. कोरियाचा फटका वाया. पुढे तो आणखी अडवतो, आणि मग कुणाला काही मोजायचं भान राहत नाही. भारतीय खेळाडू एकमेकांच्या अंगावर कोसळलेत. आशियाई सुवर्ण ३२ वर्षांनी आलंय. याआधीचं १९६६ साली, तेही याच शहरात. तेव्हा धनराजचा जन्मही झाला नव्हता. आणि याच वर्षी मे महिन्यात उट्रेख्टच्या विश्वचषकात हाच भारत नवव्या क्रमांकावर फेकला गेला होता. त्या नवव्या क्रमांकापासून या सोन्यापर्यंत यायला सहा-सात महिने लागले. तुम्ही टाळ्या वाजवून घ्या. पोटभर वाजवा, कारण पुढचा मुक्काम कडू आहे.

संघ मायदेशी परततो. पुढच्या मालिकेसाठी यादी जाहीर होते. ती नीट वाचा. धनराजचं नाव नाही. बल्लाळचं नाव नाही. अनुभवी खेळाडूंची एक फळीच गायब आहे. हे सोनं जिंकून देणारे प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही बाजूला केलंय. महासंघ सांगतो, ज्येष्ठांना विश्रांती दिली. खेळाडूंच्या मानधनावरून धनराज उघडपणे बोलला होता, हे मैदानाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि या विश्रांतीचा अर्थ काय तेही.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. परदेशातल्या क्लबांची दारं धनराजला उघडी होती. लंडन, लिऑन, मलेशिया, ढाका, जिथे जाईल तिथे तो खेळला आणि लोकांना आवडला. तरी तो भारताच्या संघाकडे परत येतो. दरवेळी येतो. आपल्याकडे निष्ठावंत म्हटलं की मान खाली घालून वावरणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. मला ते कधीच पटलेलं नाही. धनराज पदाधिकाऱ्यांशी भांडला, पंचांशी भांडला, प्रशिक्षकांशी भांडला, पत्रकारांवर तडकला. भावकीत हक्कानं भांडणारा माणूस सगळ्यांत आधी कार्याला हजर असतो, तसा तो शिबिराच्या पहिल्या दिवशी हजर असायचा. त्याचं भांडण आणि त्याची निष्ठा यांना वेगळं काढता येत नाही, असं मला वाटतं. ही दोन्ही एकाच जागेवरून आली. ती जागा बघायची तर अठरा वर्षं मागे चला.

खडकी, १९८०. पावसाळा. तुम्ही ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कामगार वसाहतीत उभे आहात. मैदान कसलं, चिखलच आहे. पाय टाकला की चप्पल रुतून बसते. या कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे नागलिंगम पिल्ले यांची मुलं इथे खेळतायत. घरात तमिळ, गल्लीत मराठी आणि हिंदी, खेळताना तिन्ही एकदम. चौथा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्या हातातली स्टिक बघा. ती आधी कुणाची तरी होती, ती मोडली म्हणून याच्या वाट्याला आलीय. मोडल्या जागी दोरीचे घट्ट वेढे आहेत. दोरी ओली झाली की सैल पडते, मग तो थांबतो, एक टोक दातात धरतो, पुन्हा आवळतो आणि धावत सुटतो. चेंडूही कुणीतरी टाकून दिलेला.

नुकतंच मॉस्कोत भारतानं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलंय. त्या संघातला मोहम्मद शाहिद या पोराचं दैवत आहे. शाहिद चेंडू स्टिकला चिकटवून नेतो, डावीकडे दाखवतो आणि उजवीकडून निघून जातो. पोरगा चिखलात तेच करून बघतोय. चिखलात चेंडू घरंगळत नाही. लांबून पास दिला तर मध्येच रुतून बसतो. म्हणून तो स्वतःच न्यावा लागतो, जरासा उचलून, सतत स्टिकशी ठेवून, समोरच्याच्या पायांना चुकवत. धनराजची ती पुढे जगानं पाहिलेली मुसंडी याच चिखलानं घडवली.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू त्या पोराला अजून माहीत नाही. चार वर्षांपूर्वी, १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. मॉस्कोला बरेच बलाढ्य संघ बहिष्कारामुळे आलेच नव्हते. नव्या मैदानावर पाणी मारतात, चेंडू सरसर पळतो, लांबलचक पास अचूक पोहोचतात, आणि सगळा खेळ दमसासाचा आणि वेगाचा होऊन जातो. युरोपात अशी मैदानं भराभर झाली. आपल्याकडे ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि पोरं मातीवर शिकून थेट परदेशात त्या हिरवळीवर उतरत होती. भारतीय हॉकी घसरली ती कुणाच्या अंगातली कला आटली म्हणून नव्हे. ज्या जमिनीवर ती कला उगवली ती जमीनच खेळातून काढून घेतली गेली. मॉस्कोनंतर भारताला पुढचं ऑलिम्पिक पदक मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं. धनराजची अख्खी कारकीर्द या कोरड्या ४१ वर्षांच्या पोटात आहे.

मुंबईतून भरभर जाऊ. थोरला भाऊ रमेश तिथे खेळतो, त्याच्या पाठोपाठ धनराज येतो. जोकिम कार्व्हालो त्याला घडवतात, महिंद्र अँड महिंद्र नोकरी देते. १९८९ साली दिल्लीत आशिया चषकात तो भारताकडून पहिल्यांदा खेळतो. अंतिम सामना पाकिस्तानविरुद्ध, आणि पराभव. हा पराभव लक्षात ठेवा. मग बार्सिलोना १९९२, सातवा क्रमांक. अटलांटा १९९६, आठवा. जगातल्या कुठल्याही संघात ज्याला डोळे झाकून घेतलं असतं असा खेळाडू सातव्या-आठव्या क्रमांकाच्या संघासाठी धावतोय.

आणि आता सिडनी, सप्टेंबर २०००. इथे घाई करायची नाही.

धनराज ३२ वर्षांचा आहे. कर्णधारपद रमणदीप सिंगकडे आहे. धनराज आघाडीच्या फळीत. भारतानं अर्जेंटिनाला हरवलंय, स्पेनला हरवलंय, ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात २-२ असं रोखलंय. गटातला शेवटचा सामना पोलंडशी. जिंकलं की उपांत्य फेरी. पोलंडची धास्ती कुणाला नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

भारत १-० पुढे आहे. घड्याळाकडे बघू नका असं मी सांगितलं तरी तुम्ही बघणारच. ७० मिनिटांचा सामना, आता थोडीच उरलीत. भारतीय खेळाडू मागे सरकतायत. आघाडी राखायची म्हणून दहा जण आपल्याच अर्ध्या भागात गोळा होतात, ही आपली जुनी खोड. चेंडू बाहेर काढायचा, पुन्हा तो परत येतो, पुन्हा काढायचा. धनराज पुढे एकटा पडलाय, हात वर करून चेंडू मागतोय, कारण चेंडू आपल्याकडे ठेवणं हाच सर्वांत भक्कम बचाव असतो हे त्याला ठाऊक आहे. चेंडू त्याच्यापर्यंत येत नाही. शेवटची दोन मिनिटं. पोलंडचा एक हल्ला वर्तुळात शिरतो, गर्दी होते, आणि चेंडू गोलमध्ये जातो.

१-१.

तुमच्या शेजारचा माणूस उठून उभा राहिलाय आणि त्याला आपण का उठलो ते कळत नाहीये. मैदानात अजून सामना संपलेला नाही. धनराज धावतोय, खेळ सुरू करायची घाई करतोय. मग खेळ संपल्याची खूण होते. तो रडतो. चारचौघांत, कॅमेऱ्यांसमोर, तोंड न लपवता. भारताच्या जागी उपांत्य फेरीत कोरिया जाते आणि रौप्य घेऊन परतते. भारत सातवा.

मी या सामन्याची चित्रफीत पुन्हा पाहायचं टाळत आलोय. तुम्हाला मात्र इथे आणलं, कारण धनराजनं त्यानंतर काय केलं ते समजायला हे दुःख जवळून बघितलेलं हवं. तो ३२ वर्षांचा होता, तीन ऑलिम्पिक खेळून झाली होती, खेलरत्न मिळालं होतं. निवृत्त झाला असता तर सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला असता.

२००२ साली कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत चौतिशीचा धनराज स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरतो. आता त्याच्या आजूबाजूला नवी पोरं आहेत: गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग. २००१ साली होबार्टला ज्युनिअर विश्वचषक जिंकून आलेली ही मंडळी. जुगराज तर त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ही पोरं गोऱ्या संघांना बिचकत नाहीत. त्यांच्याबरोबर धावायचं म्हणजे पंचविशीचे पाय हवेत, आणि धनराज त्यांच्यासोबत धावतोय.

क्वालालंपूर, सप्टेंबर २००३. आशिया चषक. धनराज पुन्हा कर्णधार. या महिन्याच्या सुरुवातीलाच जुगराजच्या गाडीला भीषण अपघात झालाय. पेनल्टी कॉर्नरवरचा हुकमी एक्का रुग्णालयात आहे, तो भारतासाठी परत कधी खेळणार नाही. त्याच्याविना संघ अंतिम फेरीत पोहोचलाय, समोर पाकिस्तान. दिल्लीतला तो १९८९चा पराभव आठवतोय ना? तीच स्पर्धा, तोच प्रतिस्पर्धी, चौदा वर्षांनी. त्या संघातल्या किती जणांच्या अंगावर आज भारताची जर्सी आहे, मैदानावर नजर फिरवून बघा. भारत ४-२ असा जिंकतो. आशिया चषक पहिल्यांदाच भारताकडे येतो आणि तो उचलायला पस्तिशीचा कर्णधार पुढे जातो. या एका संध्याकाळसाठी मी तुम्हाला इतकी वणवण करायला लावली.

पुढच्या वर्षी अथेन्स, त्याचं चौथं ऑलिम्पिक. स्पर्धेला काही आठवडे उरले असताना प्रशिक्षक बदलला, जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले, आणि धनराज बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला. सातव्या क्रमांकासाठी कोरियाशी झालेल्या अखेरच्या सामन्यात त्याला शेवटची काही मिनिटं मैदानात पाठवलं. भारत ५-२ असा जिंकला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा खेळलेल्या माणसाच्या वाट्याला ती काही मिनिटं आली. याचा राग मला आजही येतो आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

म्हणून तुम्हाला अथेन्सला सोडून जाणार नाही. २००५ सालच्या सुरुवातीला हैदराबादला चला. गच्चीबावली स्टेडियम, दिव्यांचा झोत, प्रीमियर हॉकी लीगचा पहिला हंगाम. मराठा वॉरियर्सचा संघ मैदानात उतरलाय. ही लीग चार हंगाम चालेल आणि हा संघ एकदाही विजेता होणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे, त्यांना नाही. कर्णधार ३६ वर्षांचा आहे. उजव्या बगलेकडे एक कोवळा पोरगा चेंडू घेऊन अडखळलाय, आणि कर्णधार अर्ध्या मैदानावरून त्याच्या नावानं ओरडत, हात वर करून, चेंडू मागत धावत येतोय. पोरगा पास देतो.