तळटीप १४ : प्राचार्यांचे घर

१४. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयावर (स्थापना १९८८) लेखकाने चार पाने खर्च केली आहेत, आणि त्याच जिल्ह्यातल्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांना (१९२६–१९८४) एका ओळीत उरकले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. हे कॉलेज लेखक समजतात तसे खासगी नव्हे. ते संस्थानी होते, विलीनीकरणानंतर सरकारी झाले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. तांबड्या मातीतला गडी, मॅटचा सराव जवळपास नाहीच. तरी सहावा आला. १९५२ला हेलसिंकीसाठी पुन्हा पैशांची ओढाताण. वर्गणी काढली, तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. आपल्या विद्यार्थ्यासाठी! खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लेखक त्याचे सगळे श्रेय तालमीला देतात, ते अपुरे आहे. अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांना मरणोत्तरच मिळाला.