वीज गेली की निकाल बदलायचा

२००० नंतरच्या दशकात मुंबईत चोवीस तास वीज असायची. भाईंदरची खाडी ओलांडून वसईत आलं की भारनियमन. इन्व्हर्टर मोजक्या घरांत. फुटबॉल मॅनेजरचे गेम खेळणाऱ्या आम्हा पोरांना त्यामुळे एक गोष्ट मुंबईकरांच्या आधी कळली, असा माझा दावा आहे. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’ची कॉपी केलेली सीडी हातोहात फिरत होती. त्यात मैदान दिसत नसे, नुसत्या मजकुराच्या ओळी झळकत. सामना ३-० जिंकला आणि सेव्ह करायच्या आत वीज गेली, की संपलं. परत आल्यावर तोच संघ, तीच मांडणी, तोच प्रतिस्पर्धी, आणि निकाल ०-१.

हरल्यावर मुद्दाम गेम बंद करून तोच सामना पुन्हा खेळायचा, हा रिवाज तर सगळीकडेच होता. वसईतल्या पापडीचा माझा मित्र प्रत्येक खेपेला एखादा बदल करी. विंगर आत घे, बचावपटू थोडे मागे ओढ. तिसऱ्या खेपेला जिंकला की म्हणे, “बघ, ४-४-२ पनवती होतं रे!” मला ते पटत नसे. विजेने आमचे कितीतरी सामने काहीही न बदलता उलटवले होते.

ही उलटापालट गेममध्ये मुद्दाम घातलेली आहे, आणि ती जुनी आहे. केविन टॉम्सचा ‘फुटबॉल मॅनेजर’ १९८२ साली आला, बेसिक भाषेत लिहिलेला. तो ज्यावर चाले त्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाकडे यादृच्छिक आकडा मागितला, की ते यंत्र आधीच्या आकड्याला ७५ने गुणून, ६५५३७ने भागून उरलेल्या बाकीवरून पुढचा आकडा काढी. म्हणजे नशीब कसलं, पाढेच! सुरू केल्या केल्या मागितले तर दर वेळी तेच आकडे, त्याच क्रमाने. म्हणून सुरुवातीचा आकडा यंत्रातल्या घड्याळावरून घ्यायची सोय होती, आणि ते घड्याळ ब्रिटनमध्ये सेकंदाला ५० वेळा पुढे सरके. बोट क्षणभर उशिरा पडलं तरी पुढची सगळी रांग वेगळी.

योगायोग असा, की १९८२मध्येच माहेर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने इंग्लिश लीगचे गोल पॉयसनच्या सूत्रात (सरासरीवरून किती गोल होण्याची शक्यता किती, ते सांगणाऱ्या) बऱ्यापैकी बसतात, हे दाखवलं. त्याआधी १९५०पासून चार्ल्स रीप हा हवाई दलातला हिशेबनीस वही-पेन्सिल घेऊन सामने नोंदवत बसे. साधारण दहा फटक्यांमागे एक गोल, हे त्याचं निरीक्षण; म्हणजे गोल ही विरळाच गोष्ट.

पॉयसनचं ते सूत्र घेऊन कागदावर बसलो. एका संघाची सरासरी १.८ गोल, दुसऱ्याची ०.९. दुप्पट ताकद. तरी पहिला संघ शंभरात जेमतेम ५९ सामने जिंकतो. १८-१९ वेळा चक्क हरतो. आता मांडणीत सुधारणा करून १.८चे १.९ केले, तर विजय ६१च्या आसपास जातात. शंभर सामन्यांत दोन! ३८ सामन्यांच्या मोसमात एकसुद्धा नाही. पापडीकर तीन सामन्यांत निकाल लावत होता.

आमच्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्ये ‘तो मदेइरा’ नावाचा एक पोर्तुगीज गोलंदाज नव्हे, गोलबहाद्दर होता. माहिती जमवणाऱ्या कुणीतरी घुसवलेला, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेला. पोर्तुगीज वसईतून १७३९मध्ये गेले, हा मात्र आमच्या पोरांनी आनंदाने परत आणला. त्याला घेऊनही आम्ही तळाच्या संघांकडून हरलो आहोत.

हल्ली अशा गेमचे हौशी लोक एकच मांडणी घेऊन हजारो सामने आपोआप खेळवतात आणि सरासरी बघतात. हाच खरा मार्ग, पण कंटाळवाणा. खऱ्या लीगला तर तोही नाही. २०२०-२१च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले. आपसातल्या सामन्यांवर मुंबई पहिली आली. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात याच दोघांची १-१ बरोबरी चालली होती. मुंबईच्या खात्यातला तो एक गोल प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने २-१ केलं. आमच्या गटात मात्र रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगली ती प्रशिक्षक लोबेराच्या मांडणीची.