नेट जोडलं कुणी?

गेल्या गणपतीत शुगर लँडला एका मैत्रिणीकडे आरतीला गेले होते. आरती झाली, पानं मांडेपर्यंत वेळ होता. तेवढ्यात तिची कॉलेजात शिकणारी मुलगी मला वरच्या खोलीत घेऊन गेली. "मावशी, तू लिनक्स वापरतेस ना? मग हे बघ जरा."

आजोबांचा जुना लॅपटॉप तिने साफ केला होता आणि त्यावर लिनक्स टाकलं होतं. स्क्रीन, कीबोर्ड, आवाज, सगळं ठीक होतं. फक्त वायफाय नव्हतं. मेनूत वायफायचा पर्यायच दिसत नव्हता. कारण साधं होतं. आतल्या वायफाय चिपला चालू व्हायला फर्मवेअर नावाची एक छोटी फाइल लागते, ती त्या लिनक्ससोबत आली नव्हती. ती उतरवून घ्यायला नेट हवं आणि नेट हवं तर ती फाइल हवी. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून टाकावं, तशी गत.

माझा फोन केबलने जोडला, फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, फाइल उतरवली. दहा मिनिटांचं काम. पण तिने विचारलेला प्रश्न दहा मिनिटांचा नव्हता. "एवढीशी फाइल आहे, तर आधीच का नाही देत?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातला एक धागा तिच्या घरापासून वीसेक मैलांवरच्या ह्यूस्टनमध्ये सुरू होतो.

1982 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी, रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी, ह्यूस्टनमध्ये कॉम्पॅक ही कंपनी काढली. पहिल्या यंत्राचं चित्र म्हणे 'हाउस ऑफ पाईज' या हॉटेलात ताटाखालच्या कागदावर काढलं होतं. आयबीएमच्या पीसीवर चालणारी सगळी सॉफ्टवेअर चालतील असा, उचलून नेता येईल असा संगणक त्यांना करायचा होता. (उचलून म्हणजे 28 पौंड, सुमारे पावणेतेरा किलो!) अडचण एकच होती: आयबीएमच्या पीसीतला बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम. त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता. नक्कल केली तर कोर्टात उभं राहावं लागणार.

यावर त्यांनी वापरलेल्या पद्धतीला 'क्लीन रूम' म्हणतात. एका गटाने मूळ प्रोग्राम अभ्यासायचा आणि तो काय काय करतो एवढंच लिहून काढायचं. दुसऱ्या गटात मूळ प्रोग्राम कधीही न पाहिलेले लोक घ्यायचे आणि त्यांनी फक्त त्या वर्णनावरून नवा प्रोग्राम लिहायचा. वागणं तेच, पण एकही ओळ चोरलेली नाही. कॉम्पॅकचं यंत्र बाजारात चाललं, आणि पुढे 'आयबीएमसारखा पीसी' कुणीही बनवू लागलं.

आता थोडं पुढे येऊ. वायफायचं 802.11 हे मानक 1997 सालचं. लिनक्सवर तेव्हा आयडब्ल्यूकॉन्फिगसारख्या कमांड होत्या. ही साधनं ह्यूलेट-पॅकार्डमधल्या जाँ तुरिल्ह यांनी तयार केली. नेटवर्कचं नाव, किल्ली, सगळं हाताने टाइप करायचं, तेही रूट म्हणजे यंत्राच्या मालकाचे अधिकार घेऊन. 2001 मध्ये वायफायचं जुनं कुलूप, डब्ल्यूईपी, तोडता येतं हे संशोधकांनी दाखवलं. मग डब्ल्यूपीए आलं, आणि लिनक्सवर त्याचा संवाद सांभाळणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट हा प्रोग्राम फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी लिहिला. आजही असंख्य यंत्रांत तोच पासवर्डची देवाणघेवाण करतो.

पण चिपच बोलत नसेल, तर पासवर्ड देणार कुणाला? ब्रॉडकॉम कंपनीच्या चिप तेव्हा पुष्कळ लॅपटॉपमध्ये होत्या, आणि लिनक्ससाठी कंपनीने त्यांची माहिती खुली केली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी ह्यूस्टनवाली युक्ती पुन्हा वापरली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते ते लिहिलं, दुसऱ्याने ते वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. 2006 मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाला. फर्मवेअरची फाइल मात्र कंपनीच्या मालकीचीच राहिली. ती वाटायची परवानगी नव्हती, म्हणून ज्याने त्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून ती स्वतः कापून काढायची. 2010 मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला, पण 'तुमची फाइल तुम्ही आणा' ही रीत काही ठिकाणी अजून टिकून आहे. "आधीच का नाही देत?" याचं उत्तर हे: तांत्रिक अडचण नाही, प्रश्न मालकीचा आहे.

चिप बोलू लागली, पासवर्ड सांभाळणारा आला. आता या सगळ्यांना एकत्र धरणारा कुणीतरी हवा होता. 2004 मध्ये रेड हॅटने नेटवर्कमॅनेजर सुरू केला. त्यामागची कल्पना लक्षात घेण्यासारखी आहे. प्रोग्रामचे दोन भाग केले. एक पडद्यामागे, मालकाच्या अधिकाराने चालणारा. दुसरा तुमच्या स्क्रीनवरचा साधा मेनू. मेनू फक्त विनंती करतो, मागचा भाग ती तपासून काम करतो. त्याआधी नेट जोडायचं तर मालकाचा पासवर्ड लागायचा. आता घरातली कुणीही व्यक्ती एक क्लिक करून जोडू शकत होती. ही नुसती सोय नव्हती, अधिकारांची नवी वाटणी होती.

सगळ्यांना ते लगेच पटलं असं नाही. सर्व्हर सांभाळणारे लोक तर तो आधी काढून टाकायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. सुरुवातीला तुम्ही लॉगिन केल्यावरच वायफाय जोडलं जायचं, कारण पासवर्ड तुमच्या खात्यात ठेवलेला असायचा. 2008 च्या 0.7 आवृत्तीत संपूर्ण यंत्रासाठी जोडणी ठेवता येऊ लागली. 1.0 आवृत्ती यायला डिसेंबर 2014 उजाडला. मधल्या काळात इंटेलने छोट्या यंत्रांसाठी कॉनमॅन नावाचा हलका पर्याय काढला. सेलफिश या मोबाइल प्रणालीत तोच आहे.

हे सगळं नुसतं वाचण्यापेक्षा एकदा स्वतः बांधून बघा, असं मी त्या मुलीला सांगितलं. नेटवर्कमॅनेजरचा सोर्स कोड खुला आहे. तो कंपाइल करायच्या आधी बरेच पर्याय ठरवावे लागतात: वायफायसाठी डब्ल्यूपीए सप्लिकंट घ्यायचा की नवा आयडब्ल्यूडी, मोबाइल मॉडेमची सोय हवी का, यंत्राचा पत्ता मागणारा डीएचसीपीचा भाग कुठला. प्रत्येक पर्यायामागे कुणाचं तरी काम आहे, कधी कुणाचं भांडणही. आधी चालू यंत्राला हात लावू नका, व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. नाहीतर पुन्हा किल्ली कपाटात!

आणि बांधताना 'पीओ' नावाचं फोल्डर उघडा. त्यात भाषांच्या फाइली असतात. त्यातली एक आहे 'एमआर.पीओ'. एमआर म्हणजे मिस्टर नव्हे, मराठी. आत एका ओळीत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत मराठी. अशी वाक्यं एकामागून एक, शेवटपर्यंत. कुणीतरी बसून ती भरली आहेत.

लिनक्सच्या मराठीकरणात पुण्याचा वाटा मोठा आहे. रेड हॅटचं पुण्यात कार्यालय आहे आणि तिथल्या लोकांनी बरंच भाषांतर केलं. नुसते शब्द असून भागत नाही, अक्षरंही लागतात. 2004 मध्ये रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. ते पुरवले होते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने. श्रीलिपीवाले तेच. लोहित म्हणजे लाल; टोपीचा रंग नावात आला.

भाषांतर करणाऱ्यापुढचे पेच मला फार आवडतात. 'नेटवर्क' तसंच ठेवायचं की 'संजाळ' म्हणायचं? 'कनेक्शन'ला 'जोडणी' की 'जुळवणी'? 'आता जोडलं जातंय' हे लिहायचं, तर जोडणारा कोण? इंग्रजीत एक छोटा शब्द टाकून सुटता येतं. मराठीत कर्ता, लिंग, आदर, सगळं विचारात घ्यावं लागतं. शुगर लँडच्या किंवा एडिसनच्या घरात वाढलेल्या मुलामुलींना हे पेच चांगले ठाऊक आहेत. घरी आजीला फोनवरचा मेसेज समजावताना ते रोज हेच करतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. या फाइली एकदा भरून संपत नाहीत. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की नवी वाक्यं येतात. ती कुणी भरली नाहीत तर त्या जागी गुपचूप इंग्रजी दिसतं. कुठे तक्रार उमटत नाही, काही बिघडतही नाही. मराठी फक्त एक-एक ओळ मागे सरकते.

शुगर लँडचं नाव ज्या साखरेवरून पडलं, ती तयार करणारा इम्पीरियलचा कारखाना 2003 मध्ये थांबला. कॉम्पॅकही 2002 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. गावाचं नाव राहिलं, पीसीची रीत राहिली, पण ती करणारे हात आता सहज दिसत नाहीत. नेट जोडणाऱ्या प्रोग्रामचंही तसंच आहे. तो चांगला चालला की कुणाला आठवत नाही.

त्या रात्री खाली जेवायला आलो तेव्हा लॅपटॉप चालू होता. मुलीने भाषा मराठी करून तो आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला, मेनू वाचला, आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हे काही बरोबर नाही. आपण असं म्हणत नाही."

"मग तुम्ही सांगा काय म्हणायचं," ती म्हणाली, आणि वही घ्यायला उठली.