बेडकाने खाणं सोडलं: शेवटचे ७२ तास

ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक जगभर घरोघरी पाळला जातो. तळहाताएवढा, शांत, माणसाला सरावणारा. नीट ठेवला तर पंधरा वर्षांहून जास्त जगतो. कायट्रिड बुरशीची लागण झालेला हा बेडूक नेमका कशाने मरतो, ते जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली उलगडून दाखवलं. पुढचा घटनाक्रम त्या अभ्यासावर आणि पशुवैद्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर बेतला आहे. तास बेडकागणिक मागेपुढे होतात. क्रम बहुधा हाच असतो.

काही आठवडे आधी

मेलबर्नमधलं एक घर धरू. क्वीन्सलँडहून येणाऱ्या केळ्यांच्या खोक्यांतून चुकून बेडूकही दक्षिणेकडे येतात. असा एक बेडूक सापडतो आणि सोबत होईल म्हणून जुन्या बेडकाच्या काचपेटीत सोडला जातो. पाहुणा धडधाकट दिसतो, पण त्याच्या कातडीत बुरशी आहे. तिचे बीजाणू पाण्यात उतरतात, शेपटीसारख्या तंतूच्या जोरावर पोहतात आणि जुन्या बेडकाच्या पोटाच्या, मांड्यांच्या, बोटांच्या कातडीत शिरतात. चार-पाच दिवसांत एकेका बीजाणूची पिशवी तयार होते आणि नवे बीजाणू बाहेर सोडते. नवा बेडूक महिना-दोन महिने वेगळ्या पेटीत ठेवला असता, तर हे इथेच थांबलं असतं.

७२ तास आधी, रात्र

चिमट्यात धरलेला रातकिडा बेडकाच्या तोंडासमोर हलतो. बेडूक बघतो, हलत नाही. घरच्यांना वाटतं, थंडी आहे, उद्या खाईल. समज अगदीच चूक नाही. गारठ्यात बेडकाची भूक मंदावते आणि मोठा निरोगी बेडूक काही दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही. पण याच रात्री पेटीचं तापमान पाहावं, बेडकाचं वजन करावं, कातडी उजेडात निरखावी. उपास दिसला की दुसरं लक्षण शोधायला लागावं.

६० तास आधी, दुपार

दुसरं लक्षण समोर येतं. हा निशाचर प्राणी. दिवसा तो पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून कोपऱ्यात चिकटलेला असायला हवा. आज तो भर उजेडात तळाशी बसला आहे आणि मागचे पाय बाहेर फाकलेले आहेत. ते आत ओढून घेण्याचं त्राण त्याच्यात उरलेलं नाही.

४८ तास आधी

पाण्याच्या वाटीत करड्या, पातळ पापुद्र्यांचे तुकडे तरंगतात. बेडूक एरवीही कातडी टाकतो, पण ती एकसंध ओढून तोंडात घेतो आणि गिळून टाकतो, त्यामुळे आपल्याला सहसा दिसतही नाही. आता ती वरचेवर सुटते आहे, मांडीवर लोंबते आहे, बोटांत अडकली आहे. पोटाखालची कातडी लालसर झाली आहे.

३६ तास आधी

घरात खटपट सुरू होते. रातकिड्याऐवजी झुरळ, मग अळी. शेवटी जबडा उघडून घास कोंबण्याचा विचार. हे करू नये. अशक्त बेडकावर त्या ओढाताणीचा ताण येतो, आणि रात्रभर पेटीत सोडलेले रातकिडे त्यालाच चावतात.

दुखणं पोटात नाहीच. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो. रक्तातल्या क्षारांचा तोलही तीच कातडी सांभाळते. बुरशीने नेमकी ती जागा धरलेली असते. संशोधकांनी मोजलं तेव्हा आजारी बेडकांच्या कातडीची क्षार वाहून नेण्याची क्षमता निम्म्याहून कमी झाली होती. रक्तातलं सोडियम सुमारे २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी उतरलं होतं. हृदयाचे ठोके याच क्षारांवर चालतात.

२४ तास आधी

आता एकच काम उरतं: बेडकांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे पोहोचणं. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाला ओला कागदी टॉवेल, हातात ओले हातमोजे. तिथे कातडीवरून स्वॅब घेऊन पीसीआर करतात. बुरशीवर इट्राकोनॅझोलच्या सौम्य द्रावणात रोज काही मिनिटांची अंघोळ देतात. मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. क्षार भरून काढण्याचे उपायही आहेत. हाच इलाज दोन दिवसांपूर्वी सुरू झाला असता, तर बेडूक वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

१२ तास आधी

बेडूक उताणा पडतो आणि त्याला पालथं होता येत नाही. त्या अभ्यासात या अवस्थेतल्या बेडकांना तोंडावाटे क्षारांचं द्रावण दिलं, तेव्हा काही पुन्हा उठून बसले, काहींनी उड्याही मारल्या. द्रावण मिळालेले बेडूक इतरांपेक्षा वीस तासांहून अधिक जगले. मग तेही गेले, कारण बुरशी जागच्या जागीच होती.

० तास

हृदय थांबतं.

त्यानंतर

पेटीतल्या पाण्यात बीजाणू जिवंत आहेत. नळाच्या पाण्यात ते तीन आठवडे, तळ्याच्या पाण्यात सात आठवड्यांपर्यंत टिकू शकतात. हे पाणी बागेत किंवा ओढ्यात ओतलं, तर घरातलं दुखणं रानात जातं. त्यात ब्लीच मिसळून ठेवावं, मगच संडासात ओतावं. पेटी निर्जंतुक करून कडकडीत वाळवावी. दुसऱ्या बेडकाची तपासणी त्याच दिवशी करावी.

या बुरशीमुळे ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० बहुधा नामशेष झाल्या, असा अंदाज २०१९ साली मांडला गेला. बेडकांच्या जागतिक व्यापाराने ती देशोदेशी पोहोचवली. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर तिचा आशियाई प्रकार २०१३ सालीच नोंदला गेला आहे. पुण्या-मुंबईत परदेशी बेडूक विकत घेणाऱ्यांनी म्हणूनच एवढं करावं: नवा बेडूक वेगळा ठेवा, त्याचं पाणी उघड्यावर टाकू नका, पाळलेला बेडूक कधीही रानात सोडू नका. आणि त्याने घास नाकारला, की दुसरा घास शोधण्याआधी त्याची कातडी बघा.