'डीमन' शब्दाची कूळकथा

फेडोरासारख्या लिनक्सवर चालू असलेल्या प्रोसेसची यादी काढली, की बऱ्याच नावांच्या शेवटी एक 'डी' दिसतो. एसएसएचडी, क्रॉनडी, एचटीटीपीडी आणि यादीत सर्वांत वर, एक नंबरवर, सिस्टमडी. दुसऱ्या गावाहून लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवून त्याला आत घेणे, ठरल्या वेळी ठरलेले काम उरकणे, मागणाऱ्याला वेबपान देणे ही त्यांची कामे. कीबोर्डसमोर कुणी बसले आहे की नाही, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. हा 'डी' म्हणजे 'डीमन'. शब्द पहिल्यांदा कानावर पडला की सैतान आठवतो आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो.

संगणकात हा शब्द आला 1963 मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटीत 'प्रोजेक्ट मॅक' नावाचा प्रकल्प सुरू झाला होता आणि आयबीएम 7094 या यंत्रावर फर्नांडो कॉर्बाटो यांचा गट काम करत होता. पार्श्वभूमीला राहून न थकता राबणाऱ्या प्रोग्रामना या मंडळींनी 'डीमन' म्हणायला सुरुवात केली. फाइलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवून ठेवणारा प्रोग्राम हा त्यांतला पहिला. पुढे कुणीतरी या शब्दाची अक्षरे सुटी करून 'डिस्क अँड एक्झिक्युशन मॉनिटर' असा विस्तार जुळवला. तो आजही सांगितला जातो, पण ती मागाहून बसवलेली व्युत्पत्ती आहे. नाव कुठून घेतले हे कॉर्बाटो यांनी स्वतःच सांगितले आहे : मॅक्सवेलच्या डीमनवरून.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1867 मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात एक कल्पना मांडली. वायूने भरलेल्या डब्याचे दोन कप्पे, मधल्या पडद्याला एक इवलेसे दार आणि त्या दारावर एक सूक्ष्म जीव. वेगवान रेणू आला की त्याला एका बाजूला सोडायचे, मंद आला की दुसऱ्या बाजूला. बाहेरून काहीही ऊर्जा न घालता एक कप्पा तापेल, दुसरा थंड होईल आणि उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमालाच आव्हान मिळेल. या दारवानाला 'डीमन' हे नाव दिले ते मॅक्सवेलने नव्हे, तर 1874 मध्ये विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने. त्यात दुष्टपणाचा मागमूस नाही. अथक निवडानिवड करणारा, कुणाला न दिसणारा कामकरी, एवढेच त्याचे रूप.

टॉमसनच्या शब्दामागे उभा आहे ग्रीक 'दाइमोन'. माणूस आणि देव यांच्या मधली एक शक्ती, चांगली की वाईट हे आधीच न ठरलेली. सॉक्रेटिसला वेळोवेळी एक आतला आवाज ऐकू येई. प्लेटोच्या सांगण्याप्रमाणे तो त्याला फक्त अडवायचा. अमुक कर असे कधी म्हणायचा नाही. त्याला सॉक्रेटिस 'दाइमोनिऑन' म्हणे. पुढे ख्रिस्ती लेखकांनी जुन्या देवतांना याच शब्दाने दुष्टात्मे ठरवले आणि युरोपभर शब्दाचा रंग काळा झाला.

'डीमन' आणि आपला 'देव' भाऊभाऊ असावेत असे ध्वनीवरून वाटते. ते तसे नाहीत. 'देव' हा 'दिव्' म्हणजे प्रकाशणे या धातूचा, लॅटिन 'देउस'चा सख्खा. 'दाइमोन'चा संबंध बहुतेक व्युत्पत्तिकार वाटणी करणे या अर्थाच्या ग्रीक धातूशी लावतात. दाइमोन म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचे नशीब वाटून देणारा. त्या ग्रीक धातूचा संस्कृत भाऊबंद म्हणजे 'दयते', वाटून देतो. त्याच 'दय्'पासून आपला 'दया' शब्द आला. ज्याला आपण सैतान समजून बिचकतो, त्याचे दूरचे नाते दयेशी निघावे, याचा मला मनापासून आनंद होतो. आणि शब्दाचा रंग बदलणे एकट्या ग्रीकांच्या वाट्याला आले असेही नाही. पारशांच्या अवेस्तात 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती. आपला देव तिकडे दानव झाला.

उलटा प्रवास पाहायचा तर वेंगुर्ल्याजवळ आरवलीला जावे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. पण आरवलीत तोच 'वेतोबा' होऊन गावाचा राखणदार झाला आहे. रात्री तो हद्दीवर फिरतो अशी श्रद्धा. म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि फिरून फिरून त्या झिजतात असे मानतात. दक्षिण कोकणातला किंवा गोव्यातला माणूस 'राखणदार' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जे असते, ते ग्रीक दाइमोनच्या फार जवळचे आहे : न दिसणारा, जागा राहणारा, आपली हद्द सांभाळणारा.

आता पुन्हा संगणकाकडे. लिनक्स ज्या घराण्यातले, त्या युनिक्समध्ये डीमन होण्याचा जुना विधी होता. प्रोग्रामने स्वतःची एक प्रत काढायची आणि मूळ प्रोसेस संपवून टाकायची. मागे उरलेले मूल अनाथ होते. टर्मिनलशी त्याची नाळ तुटते, ते मूळ डिरेक्टरीत जाऊन बसते. युनिक्सच्या नियमाने अशा अनाथांना दत्तक घेते प्रोसेस क्रमांक एक, म्हणजे 'इनिट'. यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, सर्वांत आधी तिलाच उठवते. मग इनिट आरंभाच्या स्क्रिप्टा चालवून बाकीच्यांना उठवते. त्या स्क्रिप्टांच्या नावातले 'आरसी' हे एमआयटीच्याच 'रनकॉम'चे, म्हणजे 'रन कमांड्स'चे उरलेले रूप.

2010 मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी इनिटच्या जागी सिस्टमडी आणले. स्क्रिप्टा एकामागून एक चालण्याची वाट न पाहता सेवा शक्य तिथे एकाच वेळी उठवायच्या, हा त्यामागचा विचार. 2011 मध्ये फेडोराने आणि 2015 मध्ये डेबियन व उबुंटू या दुसऱ्या लिनक्सांनी ते स्वीकारले. डेबियनमध्ये त्यावरून एवढे वाद झाले की 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली गेली. नावात फ्रेंच 'सिस्तेम दे'वरचा श्लेष आहे, हेही कर्त्यांनीच सांगून ठेवले आहे. फ्रेंचांचे 'सिस्तेम दे' म्हणजे आहे त्यात निभावून नेण्याची हिकमत, आपला 'जुगाड'. नव्या रीतीत डीमनला अनाथ व्हावे लागत नाही. सिस्टमडीच त्याला जन्म देते, पडला तर सांगितले असल्यास पुन्हा उभा करते आणि त्याची नोंद ठेवते. हा बदल मला हिताचा वाटतो. पडलेला डीमन कुणाच्या लक्षातही येत नसे, ते दिवस अडचणीचेच होते.

मराठीत संगणकावर लिहिणाऱ्यांना एक विनंती. 'डीमन' शब्द तसाच ठेवा, रुळलेला आहे. अर्थ सांगायची वेळ आली तर मात्र राक्षस, सैतान, पिशाच्च यांच्या वाटेला जाऊ नका, 'राखणदार' म्हणा.