ऋण गुणिले ऋण

देणे आणि वजा संख्या या दोहोंना आपल्या भाषेत 'ऋण' हा एकच शब्द आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम त्याने याच व्यवहारातल्या शब्दांत घालून दिले. चिनी गणिती त्याच्याही आधी तांबड्या काड्या धन आणि काळ्या काड्या ऋण मानून हिशेब मांडीत. आपल्याकडे तांबडी शाई तोट्याला लागते, हे नेमके उलटे!

बेरीज कोणाला शिकवावी लागत नाही. तीनशे रुपये हाती आणि पाचशे देणे, म्हणजे दोनशे देणे. हे न शिकलेल्या माणसालाही ठाऊक असते. अडते ते पुढे. ऋणाला ऋणाने गुणले की धन होते म्हणे. कर्जाला कर्जाने गुणायचे तरी कसे? शाळेत हा नियम घोकून घेतात आणि पोर जन्मभर गणिताला भिते.

कामगाराला मी हे पगारपत्रकावरून सांगतो. पाच रुपयांचा दंड तीनदा कापला, तर पंधरा रुपये गेले. ऋणाला धनाने गुणले, ऋण आले. आता संघटनेने भांडून तेच तीन दंड रद्द करविले, तर पंधरा रुपये हाती आले. दंड हे एक ऋण, तो काढून टाकणे हे दुसरे. यात कर्जाला कर्जाने कोणी गुणलेलेच नाही!

तरी ही संख्या खरी मानायला माणसे कचरत आली. इंग्लंडात फ्रान्सिस मासेरेस याने १७५८ मध्ये तिच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. १७९६ मध्ये विल्यम फ्रेंड याने तर बीजगणितातून तिला हद्दपारच करू पाहिले.

भास्कराचार्यांचे तसे नव्हते. धन संख्येचे वर्गमूळ धनही असते आणि ऋणही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. पण त्यांच्या 'बीजगणिता'त वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत शिरली. एक फांदीवर दिसते. कळप केवढा? उत्तरे दोन येतात, पन्नास आणि पाच. पाच घेऊन पाहा: पंचमांश एक, त्यातून तीन गेले, ऋण दोन, वर्ग चार, फांदीवरचे एक मिळून पाच. हिशेब चोख आहे. तरीही आचार्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले, कारण व्यक्त संख्या ऋण झाली की लोकांना ती पटत नाही. ऋण दोन वानरे कोणी पाहिली आहेत?